मालिकेतली लेक आणि तुमची लेक

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. राज्य सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहे. बायको आजारपणात गेली त्याला तीन वर्षं झाली. घरी मी, माझी आई आणि माझी लेक. लेक बारा वर्षांची आहे, सातवीत. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरची म्हणून आईने ती मालिका बघायला सुरुवात केली आणि रोज मालिका बघायची सवय तिला तेव्हापासून लागली. रात्रीचं जेवण टीव्हीसमोरच होतं. आम्ही 'रंग माझा वेगळा' पाहिली, 'प्रेमाची गोष्ट' पाहिली. सुट्टीत लेकीने मोबाईलवर 'कुल्फीकुमार बाजेवाला' पाहिली. पुण्याच्या तिच्या मावसबहिणीने तिला 'फुल हाऊस' ही जुनी अमेरिकन मालिका दाखवली. ताई, मला सगळीकडे एकच गोष्ट दिसते. घरात आई नाही. बाप चिडका, नाहीतर गोंधळलेला. पोरगी गोड आणि शहाणी. मग एक बाई येते आणि घर ताळ्यावर येतं.

मागच्या महिन्यात लेक म्हणाली, "बाबा, आमच्या विज्ञानाच्या मॅडम एकट्याच राहतात. या वेळी पालकसभेला तुम्ही जा, आजीला नका पाठवू." मला हसू आलं. ती उठून आत गेली आणि रडली. तेव्हापासून विचारलं तेवढंच बोलते. आई म्हणते, "पोरीले समजते, तुले काहून समजत नाही?"

या मालिका एवढ्या सारख्या का असतात? त्या घरात बंद करू का? आणि खरं विचारायचं ते हे, की आई नसलेल्या मुलीला बाप पुरतो का?

— एक बाबा, नागपूर

भाऊ, नमस्कार.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिले दोन प्रश्न त्याच्याच पोटी आले आहेत असं मला वाटतं. हो, बाप पुरतो. तिला आईची उणीव भासते आणि पुढेही भासत राहील, पण त्यावरून बाप कमी पडला असं ठरत नाही. तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती निराळ्या गोष्टीची. बारा वर्षांच्या मुलीने तुमच्यासाठी स्थळ बघितलं. घरात काहीतरी मोडलेलं आहे आणि ते आपल्यालाच जोडायचं आहे, असं तिने स्वतःवर घेतलं आहे. हे ओझं तिच्या डोक्यावरून उतरवायला हवं. ते तिथे कसं आलं हे समजायचं तर तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे जावं लागेल.

मालिका सारख्या वाटतात, कारण पुष्कळदा ती एकच कथा असते. एका भाषेत चाललेली कथा वाहिन्या दुसऱ्या भाषेत पुन्हा उभी करतात. 'प्रेमाची गोष्ट' २०२३ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली, ती स्टार प्लसवरच्या 'ये है मोहब्बतें'वरून. ती हिंदी मालिका २०१३ ते २०१९ चालली आणि तिच्या मुळाशी मंजू कपूर यांची 'कस्टडी' ही कादंबरी होती. तिथली छोटी रूही इथे सई झाली, नायिका इशिता मुक्ता झाली. दोघी दाताच्या डॉक्टर. दोघींना मूल होणार नाही असं सांगितलेलं. दोघी त्या घरात येतात त्या छोट्या मुलीच्या मायेपोटी. 'रंग माझा वेगळा'चं मूळ मल्याळममधलं 'करुतमुत्तु', तीच कथा तेलुगूत 'कार्तिक दीपम' म्हणून गाजली. 'कुल्फीकुमार बाजेवाला' २०१८ ची, पण त्याआधी २०१५ मध्ये बंगालीत 'पोटोल कुमार गानवाला' आली होती. तीच गाणारी मुलगी मल्याळममध्ये 'वानंबाडी' आणि तमिळमध्ये 'मौन रागम' मधून बापाला शोधत हिंडली. देशाबाहेरही हेच चालतं. एका लहान मुलीची स्मृती हळूहळू जाते आणि तिचा बेजबाबदार बाप तिच्यामुळे माणूस होतो, ही कोरियातली २०१६ ची मालिका 'ओह माय ग्युमबी' दोन वर्षांनी तुर्कस्तानात 'किझिम' नावाने आली. म्हणजे तुमची नजर चुकली नाही.

आई का नसते, याचंही कारण आहे. घरात आई असली की बापाला मुलीच्या जवळ जायची सक्तीच उरत नाही. आपल्याकडच्या कथालेखकांना अजून असंच वाटतं, की आई सगळं बघते आणि बाप बाहेरून येऊन डोक्यावर हात ठेवतो. त्या बापाची धांदल उडवायची तर आईला कथेतून काढावं लागतं. 'फुल हाऊस'मधली आई दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसामुळे अपघातात गेलेली आहे. 'प्रेमाची गोष्ट'मधली सईची आई सावनी नवऱ्याला सोडून गेलेली आहे. 'रंग माझा वेगळा'मध्ये नवऱ्याचा, कार्तिकचा, संशय दीपाला घराबाहेर काढतो. कुल्फीची आई गावाकडे मरण पावते आणि पोरगी मुंबईत बाप शोधायला निघते. आई गेली की नायिकेला घरात यायला वाट मिळते, आणि ते दार मुलगीच उघडते.

आता ही गोष्ट जरा सावकाश बघा, कारण तुमच्या लेकीने इथेच धडा घेतला आहे. या मालिकांत मुलीला एक काम दिलेलं असतं. सई नसती तर तिचा बाप सागर आणि मुक्ता एकमेकांच्या वाटेलाही गेले नसते. 'रंग माझा वेगळा'तल्या दीपिका आणि कार्तिकी या जुळ्या बहिणी आई-बापाच्या तुटलेल्या संसाराची दोन टोकं धरून उभ्या असतात. कुल्फी गाते, सोसते, समजून घेते आणि सिकंदरला बाप व्हायला शिकवते. मोठ्यांच्या भानगडी निस्तरायच्या त्या लहान मुलीने. ती आजारी पडली की बापाचे डोळे उघडतात, ती हरवली की भांडण मिटतं, ती रडली की लग्न ठरतं. तिचं दुःख तिचं स्वतःचं म्हणून कुणी बघत नाही, ते बापाला बदलायला वापरलं जातं. बघणाऱ्यांचे डोळे भरून येतात, माझेही आले आहेत, ती छोटी मुलं कामही फार सुंदर करतात. पण शेजारी पोळीचा तुकडा हातात धरून बसलेली खरीखुरी मुलगी त्यातून काय उचलते? बाबा एकटे आहेत, ते दुःखी आहेत, आणि बाबांसाठी कुणीतरी आणणं हे चांगल्या लेकीचं काम आहे.

तिने ते काम मनापासून केलं. तिला आवडणारी, तिला सुरक्षित वाटणारी बाई तिने निवडली. आणि तुम्ही हसलात. तुमच्या हसण्यात वाईट हेतू नव्हता हे मला कळतं, पण तिने तिच्या जवळचं सगळ्यात मोलाचं तुमच्यापुढे ठेवलं होतं. म्हणून पहिलं काम माफी मागण्याचं. आपल्याकडे बाप लेकीची माफी मागत नाहीत, पडद्यावर तर जवळजवळ नाहीच. याला छेद देणारा एक प्रसंग कोरियन मालिका 'रिप्लाय १९८८' च्या पहिल्याच भागात आहे. मधल्या मुलीचा वाढदिवस दरवर्षी मोठ्या बहिणीच्या वाढदिवसाबरोबर, एकाच केकवर उरकला जातो. एक दिवस तिचा बांध फुटतो. रात्री बाप छोटा केक घेऊन तिला गाठतो, चुकलं म्हणतो, आणि बाप होण्याची आपलीही ही पहिलीच वेळ आहे असं तिला सांगतो. त्याने काही मोठं केलेलं नाही. तुम्हालाही मोठं काही करायचं नाही. "त्या दिवशी मी हसलो, ते चुकलं. तू फार मनापासून सांगत होतीस," एवढं म्हणा आणि थांबा. ती लगेच बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका.

हे समोरासमोर बसवून बोलू नका. या वयाच्या मुलींना डोळ्यांत डोळे घालून झालेलं बोलणं चौकशीसारखं वाटतं. संध्याकाळी तिला गाडीवर मागे बसवून अंबाझरीकडे घेऊन जा, तलावाच्या काठाने चालताना बोला. दोघांची तोंडं पुढे असली की अवघड गोष्टी सहज बाहेर येतात.

आणि भाऊ, तिचं वाक्य पुन्हा वाचा. "तुम्ही जा, आजीला नका पाठवू." मॅडमची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण वाक्याच्या दुसऱ्या भागात एक सरळ मागणी आहे. पालकसभेला इतर मुलींचे आईवडील येतात, हिची आजी येते. बाबांनी शाळेत यावं, वही बघावी, वर्गशिक्षिकेशी बोलावं, हे तिला हवं असणार. तेव्हा पुढच्या सभेला तुम्हीच जा, त्या दिवशी अर्धी रजा टाका. जाण्याआधी तिला स्पष्ट सांगा, की मी तुझा बाबा म्हणून येतो आहे, मॅडम तुझ्या मॅडम आहेत आणि त्या तशाच राहतील. त्या बाईंना यातलं काहीही कळता कामा नये. तुमच्या लेकीला त्यांच्यासमोर वर्षभर बसायचं आहे, आणि त्या बाईंनाही त्यांचं आयुष्य आहे.

नंतर कधीतरी तिला हेही सांगा: "मी कधीकधी एकटा असतो. तुझ्या आईची आठवण येते तेव्हा गप्प होतो. पण मला सांभाळणं हे तुझं काम नाही. ते मी करीन, माझे मित्र करतील, आजी करेल. तू सातवीत आहेस, तू सातवीतली मुलगीच राहा." शब्द तुमचे वापरा, पण "तुझं काम नाही" हे तिच्या कानावर पडू द्या, आणि एकदा सांगून सोडू नका.

या मालिकांची आणखी एक सारखी गोष्ट आहे, ती तुम्ही लिहिली नाहीत आणि ती तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. मालिकेतल्या मुली पाच ते आठ-नऊ वर्षांच्या असतात. बोबडं बोलायचं, मोठ्यांसारखं शहाणपण सांगायचं, बापाने चुकीची वेणी घातली तरी हसायचं. मग कथा एक झेप घेते. 'ये है मोहब्बतें'ने २०१६ मध्ये सात वर्षांची झेप घेतली. 'रंग माझा वेगळा'च्या जुळ्या मुलीही अशाच एका झेपेत तरुण झाल्या. मुलगी दप्तर घेऊन दारातून बाहेर पडते आणि थेट प्रेमात पडण्याच्या वयाची होऊन परत येते. मधली दहा ते सोळा ही वर्षं गाळलेली असतात. तुमची लेक आज नेमकी त्या गाळलेल्या वर्षांत आहे. टीव्हीवर तिला तिच्या वयाची, बापाजवळ राहणारी मुलगी जवळजवळ दिसत नाही, आणि तुम्हालाही त्या वयाच्या मुलीचा बाप दिसत नाही. गोंडस मुलगी सांभाळणारा बाप आणि कन्यादानाला डोळे पुसणारा बाप, हे दोनच.

म्हणूनच तिच्या मावसबहिणीने दाखवलेली 'फुल हाऊस' मला या रांगेत थोडी वेगळी वाटते. ती १९८७ ते १९९५ अशी आठ वर्षं चालली आणि मुली पडद्यावर खऱ्या वेगाने वाढल्या. सुरुवातीला दहा वर्षांची असलेली थोरली डी. जे. शेवटी अठराची झाली. तिची मधली वर्षं कुणी गाळली नाहीत. एका भागात स्विमिंग पूलवरच्या पार्टीला बारीक दिसायचं म्हणून ती जेवण सोडते. धाकट्या बहिणीला ते कळतं, आणि शेवटी बाप तिच्याजवळ बसून बोलतो. मालिका हलकीफुलकी आहे, प्रत्येक प्रश्न अर्ध्या तासात सुटतो, तरी या वयाच्या मुलीच्या मनात काय चालतं ते तिथे दिसतं. दुसरं असं, की या मुलींचा बाप डॅनी टॅनर त्या आठ वर्षांत लग्न करत नाही. एकदा साखरपुडा होतो आणि मोडतो. घर चालतं ते बायकोचा भाऊ आणि एक मित्र राहायला आल्यामुळे. म्हणजे आपल्या भाषेत मामा आणि काका. तुमच्या लेकीबरोबर ही मालिका तुम्हीही बघा. नवी आई आली नाही तरी घर उभं राहतं, हे तिने एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बंद करू नका. बंद केल्या तर ती मोबाईलवर एकटी बघेल, आणि तुमच्या आईचा विरंगुळा जाईल तो वेगळाच. तिच्यासोबत बघा आणि मधूनमधून विचारा. ही सई शाळेत कधी जाते? हिला मैत्रिणी आहेत का? बाप चुकतो तेव्हा ही चिडत का नाही? शेवटचा प्रश्न जरूर विचारा. मालिकेतली पोरकी मुलगी कधी संतापत नाही. तुमच्या लेकीला राग असणार. आईचा राग, गेली म्हणून. तुमचा राग, वाचवलं नाही म्हणून. तो न्याय्य आहे की नाही हा प्रश्नच नाही, तो असतो. तो निघाला तर "असं बोलू नये" म्हणू नका.

आईबद्दल बोलत जा. आपल्या मालिकांत गेलेली आई म्हणजे हार घातलेला फोटो, त्यापुढे निरांजन, आणि नायिका आली की फोटोही कॅमेऱ्यातून बाहेर. 'फुल हाऊस'च्या एका भागात मधल्या मुलीचं आवडतं खेळण्यातलं अस्वल हरवतं, आणि घरातल्या जुन्या व्हिडिओत आई चालताबोलताना दिसते. लेकीला तिची आई अशी चालतीबोलती हवी असते. ती सांबारवडी कशी करायची, इतवारीत घासाघीस करताना काय म्हणायची, तिला कशाचा राग यायचा, हे सांगा. आजारपणातल्या आठवणींच्या आधीच्या आठवणी सांगा. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, पण मग तिला तुमचे डोळे पुसायला लावू नका. उठून तोंड धुऊन या.

आता त्या गाळलेल्या वर्षांतलं सगळ्यात जवळ आलेलं काम. लेक बारा वर्षांची आहे. मुलींना पाळी साधारण दहा ते पंधरा या वयात सुरू होते, म्हणजे ती आजही येऊ शकते किंवा आली असून तिने फक्त आजीला सांगितलं असेल. आजीला विचारून घ्या. आली नसेल तर बोलणं आधी व्हायला हवं, आणि ते तुम्ही करावं असं माझं स्पष्ट मत आहे. मावशी सविस्तर सांगेल, आजी सांभाळेल, पण बाबांना हे माहीत आहे आणि बाबांसमोर हे बोलता येतं, एवढं तिला तुमच्याकडूनच कळायला हवं. दोन वाक्यं पुरतात. "तुझ्या वयात पाळी सुरू होते. घरात असो की शाळेत, मला फोन करायला लाजू नकोस." सॅनिटरी पॅडचं पाकीट आधीच आणून तिच्या कपाटात ठेवा आणि एक पॅड दप्तराच्या आतल्या कप्प्यात. औषधाच्या दुकानात गेलात की नाव घेऊन मागा. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा असतो, तेव्हा शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे का हे पालकसभेत विचारा, बाकीच्या आयांनाही ते विचारायचंच असतं. फार रक्तस्राव होत असेल, दुखण्यामुळे शाळा बुडत असेल किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या.

आजीशी मात्र आधी बोलून ठेवा. त्यांच्या मनात बाजूला बसवण्याचा, देवघराला न शिवण्याचा नियम असेल तर तो पहिल्याच दिवशी लेकीवर पडू देऊ नका. आई नसलेल्या मुलीला त्या दिवशी घरात वेगळं बसवलं तर ती ते आयुष्यभर विसरणार नाही. आई वयाने मोठ्या आहेत, तुम्ही त्यांचा मान ठेवता, तो ठेवूनच सांगा, पण सांगा. घरातला बाप तुम्ही आहात.

तुम्हाला लोक म्हणतील, मुलगी वयात येते आहे, बापाला काय समजणार. शेजारपाजारची नजरही बदलेल. पुरुष आणि वाढती मुलगी यांच्याबद्दल आपल्या समाजात एक भीती आहे, ती कायद्यातही दिसते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५७ प्रमाणे एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. या भीतीला कारणं आहेत, मी ती खोटी म्हणणार नाही. पण तुम्ही तिचे जन्मदाते आहात, तिचे पालक आहात, आणि लोकांच्या नजरेला घाबरून तुम्ही लेकीपासून दोन हात लांब झालात तर नुकसान तिचंच होईल. ती मोठी झाली म्हणून तिच्या डोक्यावरचा हात काढू नका. तिच्या खोलीत जाताना दार वाजवा, तिच्या वस्तूंना न विचारता हात लावू नका, एवढा फरक पुरे.

बायकांची सोबत तिला हवी आहे, यात वाद नाही. तिने मॅडमकडे बोट दाखवलं त्यात हेही असणार. ती सोबत लग्नाशिवायही मिळते. पुण्याची मावशी आहे, तिच्याशी लेकीचा स्वतंत्र फोन असू द्या, तुम्ही त्यात पडू नका. सासरच्या माणसांशी तुमचं येणंजाणं कमी झालं असेल तर पुन्हा सुरू करा, तिच्या आईचं बालपण त्यांच्याजवळ आहे. आणि भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसतात तेव्हा तुमच्या घरीही बसवा. कोजागरीपर्यंत महिनाभर आळीतल्या पोरी आणि त्यांच्या आया तुमच्या घरी येतील, गाणी होतील. खिरापत तुम्ही करा. डब्यात काय आहे ते पोरींना ओळखता आलं नाही की तुमच्या लेकीची मान किती उंच होते ते बघा. आजीला गाणी येत असतील, तिच्याकडून लेकीला शिकू द्या. महालक्ष्म्यांच्या वेळी "हिची आई असती तर" असं कुणी म्हणालं, तर लेकीला त्या बायकांत एकटी सोडू नका, तुम्ही जवळपास असा.

राहिलं तुमच्या लग्नाचं. ते करावं की नाही, हे मी सांगणार नाही. तुमच्या आईने किंवा लेकीनेही सांगू नये. तुम्हाला जोडीदार हवीशी वाटली तर त्यात काही गैर नाही, पण ती तुमच्यासाठी आणा. 'मुलीला आई पाहिजे' हे कारण सांगून केलेल्या लग्नात येणाऱ्या बाईला पहिल्या दिवसापासून एक परीक्षा द्यावी लागते आणि मुलीला परीक्षक व्हावं लागतं. दोघींवर अन्याय होतो. तसं काही ठरण्याच्या वाटेवर आलं तर लेकीला लवकर सांगा, तिचं ऐकून घ्या, पण निवड तिच्या हातात देऊ नका. "तू हो म्हणालीस म्हणून केलं" हे वाक्य पुढे कधी तिच्या वाट्याला येऊ नये. आणि आईंना आजच सांगा, की हा विषय पोरीसमोर काढायचा नाही. तुमच्याशी काय बोलायचं ते त्यांनी ती शाळेत असताना बोलावं.

शेवटची गोष्ट तुमच्या नोकरीमुळे सुचली. तुम्ही राज्य शासनाच्या सेवेत आहात. जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, आणि ज्यांची पत्नी हयात नाही अशा पुरुष कर्मचाऱ्यांनाही ती लागू केली. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ती घेता येते आणि एकदम सगळी घ्यावी लागत नाही. तुमच्यासारख्या पुष्कळ बापांना हे माहीत नसतं, किंवा अर्ज करायला संकोच वाटतो. करू नका संकोच. आस्थापना शाखेत जाऊन निर्णयाची प्रत मागा, अटी नीट वाचा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणजे मे आणि जवळजवळ पूर्ण जून ती कूलरसमोर, आजीबरोबर, टीव्ही बघत काढते. या वर्षी त्यातले काही आठवडे तुम्ही घरी राहा, थोडे दिवस दोघं पुण्याला मावशीकडे जाऊन या. उन्हाळ्यात सगळ्यांनाच रजा हवी असते, तेव्हा अर्ज दोन-अडीच महिने आधीच द्या आणि त्याची पोच घेऊन ठेवा.